चाळीतील खोली, स्त्रीचे श्रम आणि अनुबोधपट

(१)

अनुबोधपट घराच्या प्रश्नाकडे बाहेरून पाहतो की आतून, या एका भेदावर त्याचे सामाजिक मूल्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. बाहेरून पाहिले असता घर म्हणजे जमीन, भाडे, छप्पर, कायदा आणि बेदखली. आतून पाहिले असता घर म्हणजे चूल, मोरी, पाण्याची कळशी, आजाऱ्याचे अंथरूण आणि या सर्वांभोवती दिवसभर चालणारे एक काम. पहिली बाजू आकडेवारीत मावते. दुसरी मावत नाही. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या परिसरातील स्त्रीजीवनाचा विचार करू लागले म्हणजे ही दुसरी बाजूच मुख्य ठरते. आणि मुंबईविषयीच्या अनुबोधपटांनी नेमकी तिचीच उपेक्षा किती केली व दखल किती घेतली, हे तपासणे अगत्याचे होते.

या परिसराच्या घरांचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये आलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने पुढील काही वर्षांत वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीत १२ अशा एकूण २०७ चाळी उभारल्या. त्या ‘बी.डी.डी. चाळी’ या नावाने आजही ओळखल्या जातात. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामाईक. खाजगी मालकांच्या चाळी याहून दाट आणि अंधाऱ्या होत्या. अशा एका खोलीत एक कुटुंब राही. कित्येक गाळ्यांत तर कोकणातील किंवा घाटावरील एका गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. त्यांच्या बायका गावी शेती, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळीत. गिरणीचा पगार आणि खोलीचे क्षेत्रफळ या दोहोंनी मिळून मुंबईतील कामगार कुटुंबाची फाळणी केली होती, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

येथेच पहिला विरोधाभास उद्भवतो. ज्या घरात स्त्री नव्हती त्या घरालाही स्त्रीच्या श्रमाची गरज होती. ती गरज खानावळवालीने भागविली. गिरण्यांत नोकरी करणाऱ्या स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभी एकूण कामगारांच्या सुमारे पाचवा हिस्सा होत्या. पुढे यंत्रांची फेररचना, रात्रपाळीवरील बंदी आणि बाळंतपणाच्या हक्कांचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती यांमुळे हे प्रमाण घसरत गेले. गिरणीच्या फाटकाबाहेर पडलेली स्त्री घरात परतली खरी, परंतु विसाव्यासाठी नव्हे. तिने दहा-वीस ‘मेंबरां’चे दोन वेळचे जेवण रांधण्याचे काम हाती घेतले. गिरणीचा भोंगा तिच्याही चुलीवर हुकूम चालवीत राहिला. पाळी बदलली की तिच्या भाकरीची वेळ बदले. तात्पर्य, चाळीतील खोली ही केवळ राहण्याची जागा नव्हती. ती गिरणीचेच एक बिनभिंतीचे खाते होते आणि त्यात काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती.

(२)

घरांच्या प्रश्नावरील अनुबोधपटाची परंपरा पाश्चात्त्य देशांत १९३० नंतरच्या दशकात घडली. १९३५ मध्ये आर्थर एल्टन व एडगर अँन्स्टी यांनी लंडनमधील स्टेपनी भागातील गलिच्छ वस्त्यांवर ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा लघुपट काढला. त्याचा खर्च गॅस उद्योगाने उचलला होता, आणि नव्या घरांत गॅसचा खप वाढावा हा त्यामागील हेतू लपून राहत नाही. तथापि त्यात रहिवाशांना स्वतःच्या घरात उभे करून स्वतःच्या शब्दांत बोलू दिले. उंदराची हकिकत सांगणारी गृहिणी ही या चित्रपटाची खरी स्मृती होय. मात्र ती बोलते ते पुराव्यादाखल. निर्णय देण्याचे काम तज्ज्ञांच्या व अधिकाऱ्यांच्या वाणीकडे राहते.

अमेरिकेत १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी राल्फ स्टायनर आणि विलर्ड व्हॅन डाइक यांनी ‘द सिटी’ हा चित्रपट केला. त्याचे निवेदन लुइस ममफर्ड यांनी लिहिले, संगीत अ‍ॅरन कोपलंड यांचे. धुराने माखलेल्या नगराकडून हिरव्या नियोजित वसाहतीकडे असा त्याचा प्रवास आहे. त्यात स्त्रिया पुष्कळ दिसतात, पण एकीलाही स्वतःची वाणी नाही. निवेदक त्यांच्या वतीने सुखी होतो. हा दोष पुढे त्या देशातील स्त्रीमुक्ती चळवळीने ओळखला. जेरी अ‍ॅशर यांच्या १९७१ मधील ‘जेनीज जेनी’ या चित्रपटात न्यूअर्क शहरातील सरकारी मदतीवर मुले वाढविणारी एक स्त्री आपल्या स्वयंपाकघरातून बोलते, आणि बोलता बोलता आपल्या आयुष्याचा अर्थही स्वतःच लावते. फ्रेडरिक वाइझमन यांच्या ‘पब्लिक हाउसिंग’ (१९९७) मध्ये शिकागोच्या आयडा बी. वेल्स वसाहतीतील भाडेकरू संघटनेची प्रमुख स्त्री दूरध्वनीवरून प्राधिकरणाशी हुज्जत घालताना दिसते; येथे निवेदन नाहीच. चॅड फ्रायड्रिक्स यांच्या ‘द प्रुइट-आयगो मिथ’ (२०११) या चित्रपटात सेंट लुइसमधील तेहेतीस इमारतींच्या, १९७२ पासून पाडण्यात आलेल्या वसाहतीचे माजी रहिवासी एक विलक्षण तपशील सांगतात. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबात धडधाकट पुरुष राहता कामा नये असा नियम होता. त्यामुळे बापाला घर सोडावे लागे.

हा तपशील मुंबईच्या वाचकाला परका वाटू नये. तेथे नियमाने पुरुषाला घराबाहेर काढले; येथे पगाराने स्त्रीला गावी ठेवले. दोन्ही ठिकाणी घरांचे धोरण कुटुंबाच्या आत शिरले आणि दोन्ही ठिकाणी त्याचा भार स्त्रीने वाहिला. अमेरिकन अनुबोधपटाने हे नाते उघड करण्यास ‘द सिटी’नंतर तीन दशके घेतली. मुंबईच्या अनुबोधपटाची वाट याहून सोपी नव्हती.

(३)

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य कार्यालय मुंबईतच, पेडर रोडवर होते. (२०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.) तिचे लघुपट प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखविणे सक्तीचे होते, त्यामुळे लालबागच्या ‘भारतमाता’मध्ये बसलेल्या गिरणी कामगारालाही धरणे, पोलाद आणि कुटुंबनियोजन यांचे दर्शन नियमाने घडे. या लघुपटांची प्रधान रीत सर्वज्ञ निवेदकाची. त्यात स्त्री ही बहुधा ज्ञानदानाची ग्राहक असे: स्वच्छता शिकणारी, मुले मोजकी ठेवणारी. चित्रपटगृहाबाहेरच्या चाळीत जे चालले होते ते मात्र आतल्या पडद्यावर क्वचितच येई.

या रीतीला निर्णायक छेद दिला तो आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटाने. झोपड्या आणि पदपथावरील निवारे पाडण्याची मोहीम हा त्याचा विषय. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग मानला. परंतु रीतसर सूचना देऊन निवारे हटविण्यास मोकळीकही ठेवली. ‘हमारा शहर’ हा अशा दुटप्पी काळाचा दस्तऐवज आहे. त्याची रचना विरोधावर उभी आहे: एकीकडे दिवाणखान्यात बसून शहराच्या सौंदर्याची चिंता वाहणारे नागरिक व अधिकारी, दुसरीकडे मोडलेल्या झोपडीचे बांबू गोळा करणारी माणसे आणि विलास घोगरे यांचे गाणे. यातील सर्वांत महत्त्वाचा क्षण मात्र विरोधाच्या या आखीव चौकटीत बसत नाही. एक संतप्त स्त्री कॅमेऱ्याकडे वळून चित्रपट करणाऱ्यालाच जाब विचारते. गरिबांची चित्रे घेऊन नाव तुमचे होईल, आमच्या पदरात काय पडेल, असा तिच्या बोलण्याचा आशय. दिग्दर्शकाने हा प्रसंग गाळला नाही, याबद्दल त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु समीक्षेने येथे थांबून चालणार नाही. त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटापाशी नाही, कारण चित्रपट तिच्या घरापाशी पोहोचतो तो घर मोडत असताना. बुलडोझर येण्याच्या आदल्या दिवशी त्या जागेत काय चालले होते, पाणी कोठून आणले जात होते, कोण कोणाचे मूल सांभाळीत होते, याला पडद्यावर फारसा अवकाश मिळत नाही. बेदखली ही घटना आहे; गृहस्थी ही घटना नव्हे, ती पुनरावृत्ती आहे. संघर्षाचा अनुबोधपट घटनेवर जगतो. म्हणून तो स्त्रीला आक्रोश करताना व झगडताना उत्तम टिपतो, आणि काम करताना तिला चुकतो. याच सुमारास भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनी महिला मिलन या संघटनेद्वारे स्वतःच्या घराचे आराखडे केले, पोटमाळा बसेल इतक्या उंचीची खोली सुचविली, हे लक्षात घेतले म्हणजे या उणिवेचे स्वरूप स्पष्ट होते. पाडलेल्या घराची मालकीण ही संभाव्य घराची रचनाकारही होती. ‘हमारा शहर’मध्ये तिचे पहिले रूप उमटले, दुसरे उमटले नाही.

(४)

श्रमाकडे पाहण्याची दृष्टी मराठी मुलखात याआधीच एका लहानशा गटाने दाखवून दिली होती. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज काँट्रॅक्टर आणि मीरा राव यांच्या ‘युगांतर’ या गटाने १९८१ मध्ये पुण्यातील घरकामगार स्त्रियांवर ‘मोलकरीण’ आणि १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हे मराठी अनुबोधपट केले. ‘मोलकरीण’चे वैशिष्ट्य असे की, त्यात घर हेच कारखान्याच्या जागी येते. एकीचे घर दुसरीचे कामाचे ठिकाण आहे, ही गोष्ट मान्य झाल्याबरोबर ‘घर’ या शब्दाभोवतीचे सारे सोज्वळ वलय गळून पडते आणि वेळ, मजुरी, रजा हे शब्द त्याच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहतात.

हीच दृष्टी गिरणगावात पारोमिता व्होरा यांच्या ‘अन्नपूर्णा’ (१९९५) या चित्रपटाने आणली. त्याचा विषय आहे खानावळवाल्यांची संघटना. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खानावळवालीची मुख्य अडचण भांडवलाची: किराणा रोख अथवा उधारीने आणावयाचा, मेंबराचे पैसे मात्र पगाराच्या दिवशी, मधल्या काळासाठी सावकार. मंडळाने या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांची दारे उघडून दिली. ज्या बाईपाशी तारण म्हणून दाखविण्यासारखे काही नाही तिला तिच्या कामाच्या बळावर कर्ज मिळू शकते, ही कल्पना त्या वेळी नवी होती.

या चित्रपटाचे मोल दुहेरी आहे. एक, त्याने स्वयंपाकघराला आर्थिक संस्थेचा दर्जा दिला. दुसरे, त्याने स्त्रीला तिच्या दुःखाची साक्षीदार न मानता तिच्या व्यवसायाची जाणकार मानले. तरीही एक मर्यादा नोंदविणे प्राप्त आहे. संस्थेच्या उभारणीची कथा स्वभावतः चढती असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि संप लांबला तसा मेंबर गावी परतला. उधारी थकली, चूल मात्र पेटती ठेवावी लागली. संपाच्या इतिहासात सभा, मोर्चे आणि वाटाघाटी यांना जागा मिळाली. खानावळीच्या वहीत बुडालेल्या रकमांना मिळाली नाही. गिरणी कामगारांच्या संपाचा एक सावकार स्त्री होती, आणि तिचे कर्ज कोणीच फेडले नाही. या वहीच्या आधारे उभा राहणारा चित्रपट अद्याप व्हावयाचा आहे.

अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ (२००१) या चित्रपटाची जात निराळी. टाटा समाजविज्ञान संस्थेत सिद्ध झालेल्या या चित्रपटात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या कलाकृतींतून ओसरत्या गिरणगावाचे दर्शन घडते. ‘साचा’ म्हणजे माग आणि साचा म्हणजे ज्यात माणूस ओतला जातो ते घडण. या दोन्ही अर्थांचा मेळ चित्रपटाने जाणतेपणाने साधला आहे. मात्र शहराचे हे दोन्ही साक्षी पुरुष आहेत. सुर्वे यांना वाढविणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते हे सर्वांना ठाऊक असते. काशीबाई सुर्वे यादेखील गिरणीत कामाला जात, हे तितक्या अगत्याने सांगितले जात नाही. रस्त्यावर सापडलेले मूल घरी आणून वाढवायचे, तेही स्वतःची पाळी सांभाळून, यात चाळीच्या गृहव्यवस्थेचा केवढा मोठा इतिहास दडलेला आहे!

सुरभि शर्मा यांचा ‘जरी मरी’ (२००१) गिरणगावाबाहेर, विमानतळाला लागून असलेल्या वस्तीत घडतो. तथापि विषयाच्या दृष्टीने तो गिरणगावाचाच उत्तरार्ध होय. गिरणी बंद पडली, कापडाचे काम मात्र थांबले नाही. ते लहान लहान खोल्यांत, नगावर मजुरी मिळणाऱ्या स्त्रीपुरुषांकडे गेले. तेथे हजेरीपट नाही, युनियन नाही. चाळीची खोली गिरणीचे छुपे खाते होते. जरीमरीची खोली उघड कारखाना आहे. हा क्रम लक्षात घेतला तर ‘घर’ आणि ‘काम’ यांची फारकत औद्योगिक समाजात होते, हा पाठ्यपुस्तकी सिद्धान्त मुंबईच्या स्त्रीपुरता तरी फेरतपासणीस पात्र ठरतो.

(५)

घराची सीमा दारापाशी संपत नाही, हे पारोमिता व्होरा यांच्याच ‘क्यू टू पी’ (२००६) या चित्रपटाने दाखविले. स्त्रियांचा सार्वजनिक जागेशी असलेला संबंध हा ‘पुकार’ या संस्थेच्या संशोधनाचा विषय. त्याच्याशी संलग्न असा हा चित्रपट शौचालयांची पाहणी करीत करीत नगररचनेच्या मूळ गृहीतकापर्यंत जातो. कोणाच्या देहाची गरज नगराने गृहीत धरली आणि कोणाच्या नाही, हा त्याचा प्रश्न आहे. त्याची शैली मिस्कील आहे. पण हा मिस्कीलपणा उपरा नाही. ज्या विषयावर बोलण्याचीच लाज वाटावी अशी व्यवस्था आहे, तेथे हसू हे बोलण्याचे पहिले साधन होते. चाळीच्या मजल्याच्या टोकाला असलेला संडास, पहाटेचा काळोख, रात्री सोबतीला उठवावी लागणारी बहीण हा गिरगाव-परळच्या स्त्रीचा नित्याचा अनुभव. चाळीवरील ललित वाङ्मयाने गॅलरीचे कोडकौतुक भरपूर केले. गॅलरीच्या टोकाविषयी ते बहुधा मुके राहिले.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. असे म्हटले जाईल की, अनुबोधपटाचे कार्य सार्वजनिक प्रश्न मांडणे हे आहे. चूल, मोरी आणि नळ हा समाजशास्त्राच्या तळटीपांचा विषय. या आक्षेपात तथ्य नाही. कारण सार्वजनिक निर्णय याच तळटीपांच्या अज्ञानातून चुकतात. गिरण्यांच्या जमिनींविषयी १९९१ चा नियम, त्यातील २००१ चा बदल आणि २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांनी कामगारांच्या घरांच्या वाट्याला येणारी जमीन कशी आक्रसली, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत काढली. पात्रता ठरली ती गिरणीतील नोकरीच्या नोंदीवरून. कामगाराची विधवा वारस म्हणून अर्ज करू शकली. पण ज्या स्त्रीने त्याच गिरणीच्या वीस माणसांना वीस वर्षे जेवू घातले ती स्वतःच्या कामाच्या बळावर अर्जदार होऊ शकली नाही. ज्या श्रमाची नोंद नाही त्या श्रमाला हक्क नाही. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी आत्मकथने मागे ठेवली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला. पण हाताची गती, खोलीतील अंतर, कामाला लागणारा वेळ यांची नोंद शब्दापेक्षा चित्रपट अधिक विश्वासूपणे करू शकतो.

याउलट दुसऱ्या टोकाचा मोहही टाळावयास हवा. चाळ पडत असताना तिच्याविषयी हळहळणारे चित्रण अलीकडे वाढले आहे: लाकडी जिने, गणेशोत्सव, गॅलरीतील गप्पा. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या चाळीतील एका कुटुंबाचा जो कठोर छेद घेतला, त्याच्या पुढे ही हळहळ फिकी वाटते. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास २०१७ मध्ये हाती घेण्यात आला. त्यात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास आणि दार लावून घेण्याची मुभा या गोष्टींचे मोल चाळीत आयुष्य काढलेल्या स्त्रीला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तिला नवे घर हवे असते. ते हवे असणे हा चाळीच्या संस्कृतीशी द्रोह नव्हे. त्याचबरोबर गॅलरीतून शेजारणीच्या मुलावर ठेवलेली नजर, आजारपणात आलेली पेज, दारातच मिळणारे शिवणकामाचे गिऱ्हाईक यांची भरपाई चौरस फुटांत होत नाही, हेही ती जाणते. लाभ आणि हानी यांचा हा हिशेब तिच्या तोंडून आणि तिच्या हातांच्या हालचालींतून मांडणे, हेच चाळींवरील पुढील अनुबोधपटाचे काम आहे.

एवंच, या परंपरेचे मूल्यमापन तीन कसोट्यांवर व्हावे. स्त्री बोलते ती केवळ पुरावा म्हणून, की निष्कर्ष काढण्याचा अधिकारही तिच्याकडे आहे? चित्रपट घराची वेळ नोंदवितो की केवळ घराची पडझड? आणि घरातील कामाचा संबंध तो गिरणीशी, बँकेशी, नगररचनेशी जोडतो की त्याला ‘घरगुती’ म्हणून बाजूस सारतो? ‘हमारा शहर’ पहिल्या कसोटीच्या उंबऱ्यावर, एका संतप्त प्रश्नापाशी, थांबतो. ‘मोलकरीण’ आणि ‘अन्नपूर्णा’ तिसरी कसोटी उतरतात. ‘क्यू टू पी’ तिलाच घराबाहेर विस्तारतो. दुसरी कसोटी, घराच्या संथ वेळेची, अद्याप बहुतांशी रिकामी आहे. ती रिकामी राहण्याला आता मुदत आहे. कारण ज्या खोल्यांत हे काम चालले त्या एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत आणि ज्या हातांनी ते केले ते हात थकले आहेत. भिंत पडल्यावर तिचे मोजमाप नकाशात सापडेल. त्या भिंतीआड पहाटे चार वाजता पेटलेल्या चुलीचा हिशेब नकाशात सापडणार नाही.